सगळ्यालाच क्रोम कशाला?

अब्बांची बजाज चेतक मी दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या गॅरेजला 'रिस्टोअर' करायला दिली होती. परत आली तेव्हा मोहल्ल्यातली पोरं भोवती जमली. 'सर, शोरूममधून काढल्यासारखी दिसते,' म्हणाली. अब्बा ओट्यावर बसले होते. उठले, गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाच्या नटावर बोट फिरवलं आणि विचारलं, "ये किसकी गाडी है?"

त्यांचा प्रश्न खोचक नव्हता. त्यांना खरंच ओळखू आली नाही. किकचा दांडा क्रोमचा, स्टँड क्रोमचं, ब्रेकचं पेडल, केबलांचे ॲडजस्टर, चाकांचे नट, सगळं क्रोम. ज्या गाडीसाठी त्यांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली, जिचा प्रत्येक बोल्ट त्यांनी स्वतः कधी ना कधी खोलला होता, ती गाडी त्यांच्यासमोर आरशासारखी उभी होती आणि त्यांना त्या आरशात आपली गाडी सोडून बाकी सगळं दिसत होतं. गॅरेजवाल्याला फोन केला, जुने नट कुठे आहेत म्हणून. 'भंगारात गेले साहेब, गंजलेले होते.' ते गंजलेले नव्हते. ते राखाडी होते. आणि राखाडी असणं हाच त्यांचा मूळ रंग होता.

त्या गॅरेजचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण हा एका गॅरेजचा दोष नाही. पुणे-मुंबईपासून आमच्या हिंगोली-वसमतपर्यंत जुन्या गाडीचा शौक ज्याला जडतो, त्याची पहिली मागणी 'चकाचक करून द्या' हीच असते. लग्नाच्या वरातीत भाड्याने येणारी जुनी जीप बघा. बॉनेटच्या कड्यांपासून बिजागऱ्यांपर्यंत सगळं क्रोम. ती मूळ फौजी गाडी होती, तिला चमकायचं नव्हतं, उलट लपायचं होतं. तिच्यावर क्रोम चढवणं म्हणजे शिपायाला शेरवानी घालून पहाऱ्यावर उभं करणं. माझं म्हणणं सरळ आहे: याला जीर्णोद्धार म्हणू नका. हा मुलामा आहे, आणि मराठीत मुलामा या शब्दाला जो दुसरा अर्थ आहे, त्याच अर्थाने.

कारखान्यातून गाडी बाहेर पडते तेव्हा तिच्या लोखंडाला एकच एक रूप नसतं. कुणाला काय लावायचं हे ठरलेलं असतं, आणि त्यामागे कारण असतं. बंपर, हेडलाइटची रिंग, दारांचे हँडल, म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्यात भरायचं ते क्रोमचं. नट, बोल्ट, ब्रॅकेट, ॲडजस्टर हे बहुतेक जस्ताचे, आमचे कारागीर ज्याला झिंक म्हणतात ते. जस्त चढवल्यावर तो पार्ट क्रोमेटच्या पाण्यातून काढला की त्यावर कधी निळसर झाक येते, कधी पिवळी, तेलाच्या तवंगासारखे रंग खेळवणारी. त्यावरून 'निळं झिंक' आणि 'पिवळं झिंक'. स्प्रिंगा, क्लिपा, काही जोरकस बोल्ट हे फॉस्फेटचे, मंद काळपट, तेल पिऊन बसलेले. काही भाग कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात, साधारण १४० अंशांवर, काळे केलेले असतात. त्याला वर्कशॉपमध्ये ब्लॅकोडायझिंग म्हणतात. पुष्कळ कार्ब्युरेटरच्या जस्तमिश्रित धातूवर सोनेरी-हिरवट क्रोमेटची झाक असायची. आज ते सगळे कार्ब्युरेटर तेजाबाने धुऊन वर चंदेरी स्प्रे मारलेले दिसतात.

हे सगळं मला त्या चेतकनंतर कळलं. सांगितलं ते आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या प्लेटिंगवाल्या चाचांनी. त्यांचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड, चार टाक्या, एक बफिंगची मोटर. शाळेची पायरी त्यांनी किती चढली माहीत नाही, पण धातूच्या वरच्या थराबद्दल त्यांनी मला एका दुपारी जे शिकवलं ते माझ्या बी.एड.च्या अख्ख्या वर्षात कुणी कशाबद्दल शिकवलं नव्हतं.

जस्त आणि क्रोम यांत फरक फक्त दिसण्याचा नाही. जस्त लोखंडासाठी स्वतः झिजतं. नटावर पान्याचा ओरखडा पडला, आतलं लोखंड उघडं झालं, तरी भोवतीचं जस्त आधी गंजतं आणि लोखंडाला बराच काळ सांभाळून घेतं. क्रोमचं उलट. क्रोम म्हणून आपण जे पाहतो त्यात क्रोमियमचा थर अर्धा मायक्रॉनही नसतो, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाहून कमी. त्याच्याखाली निकेल, बऱ्याचदा त्याखाली तांबं. चमक असते ती निकेलची आणि बफिंग करणाऱ्याच्या मनगटाची. या थराला एकदा छिद्र पडलं की निकेल शाबूत राहतं आणि खालचं लोखंड त्या छिद्रातून आणखी वेगाने पोखरलं जातं. म्हणून क्रोमच्या बंपरवर आधी तांबडे ठिपके दिसतात आणि मग एक दिवस पापुद्रा हातात येतो.

शिवाय आट्यांचं गणित आहे. नटबोल्टांच्या आट्या साठ अंशांच्या असतात. त्यावर जेवढा थर चढतो त्याच्या चौपट फरक आट्यांच्या मापात पडतो. कारखान्याचं झिंक पाच ते आठ मायक्रॉन, ते मापात धरलेलं असतं. बोल्टवर वीस मायक्रॉन निकेल चढवलं की फरक जवळजवळ ०.०८ मिलिमीटर. मग नट बसत नाही. मग मिस्त्री डाय मारून आट्या पुन्हा कापतो. मग जिथे मुलाम्याची सर्वांत जास्त गरज होती तिथलाच मुलामा निघून जातो. गाडी प्रदर्शनात उभी असते, बोल्ट आतून गंजत असतो, आणि मालक फोटो काढत असतो.

यातली सर्वांत गंभीर गोष्ट तर कुणी गिऱ्हाइकाला सांगतच नाही. कणखर पोलादाचे बोल्ट आणि स्प्रिंगा तेजाबात बुडवून त्यांच्यावर मुलामा चढवताना हायड्रोजन धातूत शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. वरून काही दिसत नाही. काही तासांनी, काही दिवसांनी, ताण पडल्यावर बोल्ट काचेसारखा तुटतो. हा धोका झिंकमध्येही आहे. म्हणून असे भाग मुलाम्यानंतर लगेच, चार तासांच्या आत, साधारण २०० अंशांच्या भट्टीत कित्येक तास भाजावे लागतात. कारखाने हे करतात, किंवा अशा भागांना फॉस्फेटच देतात. स्टिअरिंगचे आणि ब्रेकचे बोल्ट 'जरा चमकवून द्या' म्हणून जो प्लेटिंगच्या दुकानात टाकतो, त्याने हा प्रश्न विचारलेला नसतो. चाचांनी मला स्पष्ट सांगितलं, स्टिअरिंगचा बोल्ट मी घेत नाही, कारण माझ्याकडे तशी भट्टी नाही. केवढा मोठा नकार आहे हा! शंभर रुपयांचं काम सोडून देणारा तो माणूस मला त्या शहरातल्या काचेच्या केबिनवाल्या गॅरेजपेक्षा जास्त इंजिनिअर वाटला.

मूळ रूप परत आणायचं तर कसं, हेही त्यांनी सांगितलं. आधी धुऊ नका. वायर ब्रश तर अजिबात लावू नका. वायसरखाली बघा, ब्रॅकेटच्या मागे बघा, आट्यांच्या मुळाशी बघा. जिथे ऊन, पाणी, धूळ पोहोचली नाही तिथे कारखान्याचा रंग अजून जिवंत असतो. केरोसिनने हळूच पुसा, फोटो काढा, कोणता बोल्ट कुठला ते दोऱ्याने बांधून ठेवा. जुनं झिंक सौम्य तेजाबात काही क्षणांत उतरतं. तिथेच थांबायचं, लोखंड खाऊ द्यायचं नाही. वाळूच्या फवाऱ्याखाली बोल्ट धरायचा नाही, कारण खरबरीत झालेल्या लोखंडावरचं झिंक मेल्यासारखं दिसतं. बफिंगही करायचं नाही, कारण बोल्टच्या डोक्यावरचे कारखान्याचे छापलेले अंक आणि खुणा त्यात घासून जातात, आणि त्या खुणा हाच त्या बोल्टचा जन्मदाखला असतो. आजच्या टाक्यांमधलं झिंक जुन्यापेक्षा जास्त चमकतं, म्हणून पार्टचा पृष्ठभाग आधी थोडा मंद करून घ्यावा लागतो. आणि सगळे नट एकसारखे दिसले तर समजावं काहीतरी चुकलं. कारखान्यातही वेगवेगळ्या घाण्यांचे नट वेगवेगळ्या छटांचे यायचे.

मी भाषेचा शिक्षक. म्हणून हे ऐकताना माझं लक्ष शब्दांकडे जात होतं. मुलामा अरबीतून आला, मुलम्मा. कल्हई अरबीतून, कलई. झिलई म्हणजे उर्दूतली जिला. नवसागर म्हणजे फारसीतला नौशादर. आणि शिकलगार? उर्दूत सैकल म्हणजे धातूला पाणी देणं, घासून उजळवणं. सैकलगर तो उजळवणारा. दख्खनच्या तलवारी ज्यांनी उजळवल्या ते शिकलगार आज कात्र्या-सुऱ्यांना धार लावत गल्लोगल्ली फिरतात. त्यांत मुसलमान आहेत, आमच्या शेजारच्या नांदेडकडे शीख शिकलकरीही आहेत. धातूच्या पृष्ठभागाबद्दल मराठीत बोलायचं तर आपण या कारागिरांच्या शब्दांशिवाय एक वाक्य बोलू शकत नाही. शब्द घेतले, माणसं मात्र दाराबाहेर ठेवली.

बिदरीचं उदाहरण घ्या. बीदर काही परकं नाही. १९५६ पर्यंत ते आणि आपण एकाच हैदराबाद राज्यात होतो. बिदरीचं भांडं जस्ताचं असतं, त्यात थोडं तांबं. त्यावर चांदीची नक्षी ठोकून बसवतात आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप लावतात. जस्त गर्द काळं होतं, चांदी पांढरीच राहते. ते काळेपण म्हणजे नुसता पृष्ठभाग. उद्या कुणी शौकीन आपल्या आजोबांचा बिदरी हुक्का बफिंगला देऊन चकाचक करून आणला, तर आपण त्याला वेडा म्हणू. मग जीपच्या काळ्या बोल्टला क्रोम मारणारा शहाणा कसा? की बिदरी ही 'कला' आणि बोल्ट म्हणजे 'गॅरेज', असा काही भेद आपल्या मनात आहे?

आहे. तोच तर मुद्दा आहे.

चमक ही अज्ञान झाकण्याची सोय आहे. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निजामाची पिवळी रोल्स रॉइस ठेवली आहे, १९१२च्या सुमाराची. त्या काळात मोटारींना क्रोम नव्हतंच. व्यवहारात क्रोम आलं ते १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधीची सगळी चमक निकेलची, आमच्याकडे जिला गिलट म्हणतात तिची, किंचित पिवळसर, उबदार. क्रोमची निळी थंड चमक त्या काळच्या गाडीवर दिसली की जाणकाराला ती शाहजहानच्या हातातल्या मोबाइलइतकी खटकते. पण जाणकार किती? बक्षीस देणाराही चमक बघतो, बक्षीस घेणाराही.

कायद्याकडून मदत मिळेल असं वाटत असेल तर तसं नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. पण मूळ रूप म्हणजे काय, तर चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको. नटाचा रंग कायद्याला दिसत नाही. कायद्याने तो बघावा असंही मी म्हणणार नाही, आरटीओतल्या साहेबाच्या हाती आणखी एक हत्यार कशाला द्या. हे बघायचं काम शौकिनाचं आहे आणि ते तो करत नाही.

यावर एक सच्चा आक्षेप आहे आणि तो मला चाचांच्या हातांनीच दाखवला. त्यांच्या बोटांवर जुने व्रण आहेत, खोल, गोल. क्रोमच्या टाकीतलं सहा संयुजेचं क्रोमियम हे विष आहे. त्याच्या वाफेने नाकाचं आतलं पडदं झिजून भोक पडतं, कातडीवर जखमा होतात, फुप्फुसाचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कर्करोगकारकांत, घातलेलं आहे. जुन्या झिंकच्या टाक्यांत सायनाइड असायचं. पिवळ्या झिंकची ती सुंदर झाकही याच क्रोमियमची. काही जुन्या परदेशी गाड्यांच्या बोल्टांवर कॅडमियम असतं, ते तर आणखी वाईट. मग मूळ रूपाच्या हट्टापायी कारागिराला मूळ विषात उभं करायचं का?

नाही. इथे माझा हट्ट संपतो. कॅडमियम परत आणू नका, त्याच्याजवळ जाणारं राखाडी झिंक चालवून घ्या. तीन संयुजेच्या क्रोमियमचं कमी घातक द्रावण मिळतं, निळी झाक त्यात जवळपास हुबेहूब येते, पिवळी जरा फिकी येते. फिकी तर फिकी. मूळ रूप हवं ते आदरापोटी. ज्याच्या हातून ते यायचं त्याचा हात जाळून आदर कसला? पण हेही लक्षात घ्या की विषाचा मोठा हिस्सा त्या अनावश्यक क्रोममुळेच आहे. ज्या दोनशे भागांना कारखान्याने क्रोम दिलंच नव्हतं त्यांना क्रोम मारायला लावून आपण त्या शेडमधल्या पोराला दोनशे वेळा त्या टाकीवर वाकवतो. हातमोजे नाहीत, पंखा नाही, पायात चप्पल. वापरलेलं पाणी मागच्या नालीत. दर मात्र पाडून मागतो.

आणि आता थोडं आपल्या घरात. समाजमाध्यमांवर आपल्याला 'पंक्चरवाला' म्हणून हिणवलं जातं तेव्हा आपण चिडतो. चिडावंच. पण आपण उत्तर काय देतो? आपल्यातले कलेक्टर, डॉक्टर मोजून दाखवतो. म्हणजे पंक्चर काढणं ही लाजेची गोष्ट आहे हे आपणही मान्य केलं! २००६च्या सच्चर समितीच्या अहवालाने नोंदवलं होतं की मुसलमानांत स्वयंरोजगार आणि हातकामावर जगणाऱ्यांचं प्रमाण तुलनेने जास्त आहे. त्या अहवालातून आम्ही मागासलेपणाचे आकडे पाठ केले, हातकामातलं ज्ञान कुणी मोजलं नाही. माझ्या शाळेत पालक येतात आणि मुलासमोर म्हणतात, "सर, पढता नहीं, गॅरेज में डाल देता हूँ." जणू गॅरेज म्हणजे काळं पाणी. मुलगा जातो. दहा वर्षं उस्तादाच्या हाताखाली काढतो. कोणतं ऊन कोणत्या रंगाला चालतं, कोणत्या टाकीला किती वेळ, हे सगळं शिकतो, आणि शेवटपर्यंत स्वतःला 'अनपढ' म्हणवतो. आयटीआयमध्ये इलेक्ट्रोप्लेटर नावाचा स्वतंत्र ट्रेड आहे हे मी दहावीच्या वर्गात सांगितलं तेव्हा एकाही मुलाने ते ऐकलेलं नव्हतं. त्यात एक मुलगा असा होता की ज्याचे वडील आयुष्यभर तेच काम करतात.

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात गाडीपुढे पाटी असते. कंपनी, साल, मालकाचं नाव. ज्याने बोल्ट ओळखला, ज्याने तो उजळवला, त्याचं नाव मी कोणत्याही पाटीवर पाहिलेलं नाही. त्याचं नाव लिहायला दोन इंच जागा लागते. मालकांनो, ती द्या. आणि चाचा, तुमच्यावरही राग आहे माझा. तुम्ही गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकता हे मी पाहिलंय, स्टिअरिंगच्या बोल्टला म्हणता तसं जीपच्या बिजागरीलाही म्हणा. 'ग्राहक मागतो म्हणून' हे कारण तुमच्या तोंडी शोभत नाही.

हे मी त्यांना तोंडावर बोललो. ते हसले. "मास्टर, नाही म्हटलं तर तो दुसऱ्याकडे जातो आणि माझ्या पोरांची चूल विझते. तुमचा पगार एक तारखेला येतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

चेतकचं सांगायचं तर गेल्या हिवाळ्यात अब्बांनी माळ्यावरून बिस्किटाचा एक जुना डबा काढला. त्यात त्यांनी कधीतरी बदलून ठेवलेले सात नट, दोन ॲडजस्टर आणि ब्रेक पेडलची एक पिन निघाली, तेलकट फडक्यात गुंडाळलेली. एका नटाच्या वायसरखालच्या बाजूला निळसर झाक अजून शाबूत होती. चाचांनी तो नट उन्हात धरून बराच वेळ पाहिला आणि नमुना म्हणून ठेवून घेतला. बाकीचे नट त्याच्याशी जुळवून देतो म्हणाले, पण पावसाळ्यात नाही, हवा कोरडी झाल्यावर. चाकांवर सध्या क्रोमचेच नट आहेत. दोनांवर तांबडे ठिपके आलेत.